गाडी सुरूच व्हईना झाल्या. प्लग ओला, ठिणगी हाय, तरीबी पेटंना (खानापूर तालुका)

जांबोटीचा_पोर
नमस्कार मंडळी. चार दिवस झाले डोकं फिरलंय, म्हणून शेवटी इथं लिहूलोय. माझी गाडी २०१६ ची, १२५ सीसी, कार्ब्युरेटरवाली, केए २२ पासिंग, ६८ हजार किलोमीटर झाल्यात. रोज गाव ते बेळगावचं उद्यमबाग कामाला जातो, कधी त्रास दिला न्हाई. मधी पाऊस एवढा लागला की पंधरा-सोळा दिवस गाडी घरातच ठेवलो आणि बसनं गेलो. चार दिवसामागं उघडीप पडली तवा गाडी काढलो, चोक ओढून दोन किकमध्ये सुरू झाली बघा, मी म्हटलो वा. फाट्यापर्यंत गेलो, दोन-अडीच मिनिटं झाली असतील, भुक् भुक् भुक् केली आणि बंद. तिथनं जी बंद पडल्या ती आजपर्यंत.

काय काय केलो ते सांगतो. पेट्रोल हाय, टाकी हलवली की डुबुक डुबुक वाजतंय, पाच-सहा लिटर तरी असंल. रिझर्व्हला करून बघितलो. प्लग काढलो तर ओला चिंब, पुसून लावलो, परत ओला. नवीन प्लग आणलो, तोबी ओला. ढकलून दुसऱ्या गिअरवर बघितलो, धाकटा भाऊ आणि मी दोघंबी घामाघूम, गाडी गप्प. गॅरेजवाला येऊन बघून गेला, म्हणतोय सीडीआय (ठिणगी सोडणारा डबा) गेलाय, १८०० होतील, आणि न्हाई झालं तर इंजिनचं हेड उघडूया. महिनाअखेर हाय वो. काय करू?

शहापूर_बोळ
किल स्विच बघितलास काय? हसू नको, मी एकदा बोगारवेसपासून घरापर्यंत ढकलत आणलोय आणि घरात आल्यावर पोरगीनं बोट दाखवलं, पप्पा हे लाल बटण खाली हाय.

जांबोटीचा_पोर
बघितलो हो. किल स्विच, फ्यूज, न्यूट्रल सगळं बघून झालं. बटणस्टार्टनंबी इंजिन फिरतंय चांगलं, पेटत न्हाई एवढंच.

हिंडलगा_रायडर
बॅटरी मल्टिमीटरनं बघ. नुसती उभी असताना १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ आली की अर्धी उतरली समज, आणि बटण दाबून धरल्यावर ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीच संपली. पंधरा दिवस उभी होती म्हणजे पहिला संशय तोच.

माझी बीएस ६ इंजेक्शनवाली हाय, कार्ब्युरेटर न्हाई, तिचं तंत्र वेगळं. चावी फिरवली की टाकीतनं पंपाचा दोन-तीन सेकंद गुंईं आवाज आला पाहिजे, न्हाई आला तर पंप न्हाईतर फ्यूज. आणि अशा गाड्यांत आडवं पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतोय, चोर्ला घाटात एकदा चिखलात हळूच आडवी झाली, उचलून बटण मारूलोय मारूलोय, सुरूच होईना, शेवटी चावी बंद करून परत चालू केल्यावर शांतपणे सुरू झाली. तुझ्या गाडीत ही भानगड न्हाई म्हणा.

जांबोटीचा_पोर
बॅटरी बघितलो आत्ता. १२.५. बटण दाबल्यावर १०.८.

निपाणी_एक्सप्रेस
पेट्रोल कुठनं टाकलेलं ते सांग आधी 😄

जांबोटीचा_पोर
गोव्यासनं येताना साखळीकडं फुल्ल केलेलो, तिकडं स्वस्त पडतंय म्हणून. पण त्यानंतर आठ दिवस गाडी चालली की चांगली.

निपाणी_एक्सप्रेस
बास, सापडलं. स्वस्तात घ्यायला जातंय आणि मग असं होतंय. आमच्याकडं उलटं हाय, कोगनोळीच्या अलीकडं कर्नाटकातल्या पंपावर जाऊन बघ, सगळ्या एमएच ०९ च्या गाड्या, महाराष्ट्रातनं कागलवालं चार पैसे वाचवायला पन्नासचं पेट्रोल जाळून येत्यात. पाणी मिसळलेलं असणार बघ, लिहून ठेव.

चंदगडी_माणूस
अगदी खरं. आणि हे फक्त गोव्यात न्हाई, सगळीकडंच चाललंय. मी स्वतः करून बघितलोय. काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलो, वर थोडं पाणी घातलो, हलवलो आणि ठेवलो. पाणी घातलं तेवढंच खाली बसायला पाहिजे का न्हाई? दुपटीहून जास्त झालं! म्हणजे पेट्रोलमध्ये आधीच पाणी होतं. व्हिडिओबी काढून गावच्या ग्रुपवर टाकलोय.

जुना_फिटर
चंदगडकर, तो व्हिडिओ काढून टाका राव. सांगतो का ते.

आताचं पेट्रोल म्हणजे नुसतं पेट्रोल नव्हे, त्यात इथेनॉल असतं. ई २० विकायला सुरुवात २०२३ ला झाली, आता जवळपास सगळीकडं तेच मिळतं. शंभर मिलीत वीस मिली इथेनॉल, आपल्याच कारखान्यांच्या मळीचं, उसाचं आणि मका-तांदळाचं, परकं काय न्हाई. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त आवडतं. नव्वद मिली पेट्रोलमध्ये तुम्ही दहा मिली पाणी घालून हलवलं की त्यातलं अठरा मिलीच्या आसपास इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात येतं. खाली थर दिसतो अठ्ठावीसच्या घरात. ते पाणी तुम्हीच घातलेलं दहा मिली आणि बाकीचं इथेनॉल. पंपवाल्याचा त्यात काही दोष न्हाई. पंपावर संशय असेल तर तिथंच फिल्टर पेपर मागा, नोझल पुसून एक थेंब टाका, दोनेक मिनिटात डाग न राहता उडून गेला पाहिजे. घनता मोजून मागा, पाच लिटरचं माप मागा. ग्राहकाला हे मागता येतं, पंपावर साहित्य ठेवावंच लागतं.

आता जांबोटीच्या पोराला. बाळा, सीडीआय आत्ता घेऊ नको. बैलहोंगलला माझे उस्ताद होते, ते कायम म्हणायचे, मदल नोडु, आमेल बिच्चु. आधी बघ, मग उघड. मला तीन गोष्टी सांग:

प्लग टोपीत घालून हेडला टेकवून किक मारल्यावर ठिणगी निळी आहे का पिवळट? हे करताना प्लगचं भोक फडक्यानं झाक आणि ठिणगी भोकापासून लांब ठेव, आतनं पेट्रोलची वाफ येत असते. आणि टोपी नुसती हवेत सोडून किक मारू नको, कॉईलला ताण पडतो.

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली तर अंगठा उडतो का?

आणि त्या ओल्या प्लगचा वास घे. कसला येतो?

अक्का_वडगाव
हे वास घ्यायचं काय नवीन काका? 🙂

जुना_फिटर
अक्का, गाडी बोलत न्हाई, मग नाकानंच विचारायला लागतं.

जांबोटीचा_पोर
काका, आत्ता केलो. अंधार पडलाय म्हणून ठिणगी चांगली दिसली, निळी, टच टच आवाज येऊलाय. अंगठा उडतोय, जोरात. वास घेतलो तर… कसं सांगू, पेट्रोलचा भपकारा न्हाई वो. हलका गोडसर, गावठीच्या बाटलीसारखा. आणि बोटाला लागलेलं लवकर वाळंना, पेट्रोल कसं फुर्र उडतंय तसं न्हाई.

शहापूर_बोळ
गावठीसारखा कसा असतो ते तुला बरं म्हाईत 😂

जांबोटीचा_पोर
बाबा असतात की घरात 😅

जुना_फिटर
झालं की मग. ठिणगी आहे, दाब आहे, प्लग ओला आहे, म्हणजे आत काहीतरी येतंय. पण जे येतंय ते पेट्रोल न्हाई. गाडी पहिल्यांदा दोन किकमध्ये सुरू झाली आणि दोन मिनिटं चालली, तिथंच मला शंका आली होती. कार्ब्युरेटरच्या वाटीत पंधरा दिवसांपूर्वीचं चांगलं पेट्रोल साठलेलं होतं, त्यावर गाडी फाट्यापर्यंत गेली. ते संपलं आणि टाकीतला नवा माल आला तसं भुक् भुक्. सीडीआय गेला असता तर घरातच गप्प बसली असती, न्हाईतर बंद पडताना एकदम टक् करून बंद पडली असती.

आता एक सांग. ते सोळा दिवस गाडी नक्की कुठं उभी होती? घरात म्हणालास, घरात म्हणजे कुठं?

जांबोटीचा_पोर
गोठ्याच्या पडवीत. वर पत्रा हाय, पाऊस लागत न्हाई. म्हशी आत, गाडी भायेर कडेला.

जुना_फिटर
कडेला म्हणजे पत्र्याच्या कडेखाली?

जांबोटीचा_पोर
थांबा, बघून येतो.

निपाणी_एक्सप्रेस
काका तुम्ही कसलं सीआयडीसारखं विचारताय, मी तर चहा करून बसलोय

जांबोटीचा_पोर
काका पाया पडतो तुमच्या. पत्र्याचा एक पन्हळ फुटलाय, आणि त्याची पागोळी बरोब्बर जिथं मी गाडी लावतो तिथं टाकीवर पडत्या. आत्ताबी टिप टिप पडूलंय, जमिनीत खड्डा पडलाय एवढा. पण टाकीचं झाकण बंद होतं की, चावीनं. पाणी आत कसं जाईल?

जुना_फिटर
तुझ्या टाकीचं झाकण खोलगट जागेत बसतं बघ, त्या खळग्यात साठलेलं पाणी जायला एक बारीक भोक असतं. त्याला आतनं नळी, टाकीच्या पोटातनं खाली जाते आणि इंजिनच्या मागं कुठंतरी लोंबत असते. लोक त्या नळीकडं ढुंकून बघत न्हाईत. ती तुंबली की झाकणाभोवती तळं होतं. त्यात गाडी जुनी, झाकणाचं रबर वाळून कडक झालेलं. झाकणाला हवेचंबी भोक असतं, पेट्रोल कमी होईल तशी हवा आत यायला. दिवसा टाकी तापते, आतली हवा भायेर जाते, रात्री गार पडली की ती हवा परत आत ओढते. त्या वेळी झाकणावर हवेऐवजी पाणी असलं तर पाणीच ओढून घेते. सोळा रात्री, आणि खानापूर तालुक्यातला पाऊस. हिशेब कर.

आणि तुझ्याच हातानं एक केलंस. रिझर्व्हला केलंस ना? ऑनला असताना पेट्रोलच्या कॉकची नळी टाकीत थोडी वर उभी असते, रिझर्व्हला अगदी तळातनं येतं. पाणी जड, तळातच बसणार. म्हणजे रिझर्व्हला केल्यावर तू तिला थेट तळातलं पाजलंस.

हिंडलगा_रायडर
पण काका पाणी असेल तर गावठीसारखा वास कसा?

जुना_फिटर
चंदगडकरांच्या बाटलीत झालं तेच टाकीत झालं. चमचाभर पाणी असतं तर पेट्रोलनं पोटात घेतलं असतं, इथेनॉल असल्यामुळं तेवढं चालतं. त्याहून जास्त गेलं की दोन थर फुटतात, आणि पाणी बहुतेक इथेनॉल ओढून घेऊन खाली बसतं. खाली असतं ते पाणी घातलेलं इथेनॉल, त्याचा वास तो. पाव लिटर पाणी गेलं असलं तरी खालचा थर लिटरभर दिसू शकतो. प्लग ओला करायला ते पुरतं, पेटायला न्हाई.

उद्या उजेडात हे कर. कॉकची खालची नळी काढ, रिझर्व्हला करून काचेच्या स्वच्छ बाटलीत पहिलं लिटरभर घे, दहा मिनिटं ठेव आणि बघ. मोकळ्यावर कर, गोठ्यात नको, चूल लांब, विडी-सिगारेट त्याहून लांब.

अक्का_वडगाव
हे वाचून मी खाली जाऊन आमच्या स्कूटरचं बघून आले. आमची पेट्रोलची टोपी सीटखाली हाय त्यामुळं वाचले म्हणायचं. पण गेल्या वर्षी माझी सुरू होत न्हवती तवा एअर फिल्टर उघडला तर आत उंदरानं कापूस, भाताचं तूस आणि माझ्याच टेलरिंगच्या चिंध्या घालून घर केलेलं, पिल्लं चार. मेकॅनिकनं मला हजार रुपयांची इंजेक्टर क्लीनिंग सांगितलेली त्याआधी. म्हणून म्हणते, गाडी उभी राहिली की हवेचीबी वाट बघा.

चंदगडी_माणूस
व्हिडिओ काढला. पण ग्रुपवर सरपंचांनी फॉरवर्ड केलाय आधीच 🙏

जांबोटीचा_पोर
मंडळी, सकाळी सातला बसलो. सगळं सांगतो सविस्तर.

कॉकची नळी काढलो, जुनी सरबताची काचेची बाटली धरलो. निघालं ते बघून बाबांना हाक मारलो, आणि बाबा विडी ओढतच आले, त्यांना आधी अंगणाच्या त्या टोकाला उभं केलो. बाटली ठेवली पायरीवर. पाच मिनिटात दोन थर, वर पिवळसर स्वच्छ पेट्रोल, बोटाएवढंच, आणि खाली सगळं गढूळ, ताकासारखं न्हाई पण धुरकट. दुसरी बाटली लावलो, तिच्यात अर्ध्यापर्यंत तसंच, मग नुसतं पेट्रोल आलं. दोन्ही मिळून वरचं सोडलं तर सव्वा लिटरच्या आसपास खालचा थर. बाबा म्हणाले, अर्ध्या गावाला पुरलं असतं.

मग ती झाकणाची नळी. काका म्हणाले तशीच, इंजिनच्या मागं स्विंग आर्मपाशी लोंबूलेली, एवढी वर्षं गाडी चालवतो मी कधी बघितलोच न्हाई तिला. फुंकर मारलो, हवा जाईना. क्लच केबलची जुनी तार घालून ढोसलो तर आधी मातीची गोळी आली, वाळलेली कडक, मग अजून एक, आणि त्या दोन गोळ्यांच्या मधी काय असंल? हिरव्या अळ्या. चार-पाच, वाळलेल्या. आई म्हणाली ही कुंभारीण माशी, भिंतीवर घर करत्या तीच, पिल्लांना खायाला अळ्या भरून ठेवत्या आणि मातीनं तोंड बंद करत्या. माझ्या नळीत तिनं भाडं न देता संसार मांडलेला.

शहापूर_बोळ
😂😂 सीडीआय म्हणे

जांबोटीचा_पोर
पुढं ऐका. टाकी पूर्ण रिकामी केलो, अर्धा लिटर नवीन पेट्रोल घालून हलवून तेबी काढलो. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून सगळं सोडलो, पाण्याचे मण्यासारखे थेंब आले. मग दोन लिटर नवीन पेट्रोल घातलो, प्लग तव्यावर जरा तापवून लावलो (आईनं तवा दिला न्हाई, जुना शोधलो), चोक, किक. सुरू! पण आयडलवर थांबंना, रेस दिलं की चालतंय, सोडलं की बंद. आता काय?

जुना_फिटर
पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलला पेट्रोल सोडणाऱ्या बारक्या जेटमध्ये, थेंब अडकलाय. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं, पाण्याचा थेंब तिथं बूच मारून बसतो. वाटी काढ, बारका जेट स्क्रू ड्रायव्हरनं सोड, हवा मार. सुई, तार काही घालू नको, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिईल. जेट पितळी असतो, स्क्रू ड्रायव्हर बरोब्बर मापाचा घे.

निपाणी_एक्सप्रेस
आणि ते काढलेलं पेट्रोल? पाच लिटरचं काय केलास? पाचशे रुपयं हायत ते

जुना_फिटर
खालचा थर तर गाडीत घालायचाच न्हाई. वरचं दिसायला चांगलं असलं तरी त्यातलं इथेनॉल निघून गेलंय, म्हणजे ऑक्टेन उतरलंय, इंजिन टकटक करेल. पार्ट धुवायला ठेव थोडं थोडं. ओढ्यात न्हाईतर विहिरीकडं ओतू नको.

जांबोटीचा_पोर
जेट काढून खिशात घालून आज बसनं कामाला आलो. जेवणाच्या सुट्टीत फौंड्रीतल्या कॉम्प्रेसरच्या होजनं हवा मारलो, उजेडाकडं धरून बघितलो तर गोल भोक लख्ख दिसूलंय. रात्री घरात गेल्यावर बसवलो, एका किकमध्ये सुरू आणि पानपट्टीवाल्यापर्यंत जाऊन आलो, आयडल एकदम गुळगुळीत.

खर्च: झाकणाचं रबर ८० रुपये, नवीन पेट्रोल, आणि तो प्लग जो उगाच घेतलो तो डिकीत ठेवलोय. जुना प्लगच चालूलाय. गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलो, तो म्हणाला मग सीडीआयच्या वायरलाबी पाणी लागलं असंल. असू दे.

निपाणी_एक्सप्रेस
गोव्याच्या पंपवाल्याला बोललो ते मागं घेतो बाबा. पण चार पैशांसाठी कागलवालं येत्यात ते खरंच हाय.

हिंडलगा_रायडर
मी आत्ता माझ्या झाकणाच्या खळग्यात तांब्याभर पाणी ओतून बघितलो. खालनं दोन थेंब आले फक्त. बायको गॅलरीतनं विचारूल्या, गाडीला अंघोळ घालूलास काय.

जुना_फिटर
आधी खालची नळी काढून फुंक, मग तार. वरनं तार घालून ढोसू नकोस, माती आणखी घट्ट बसेल. आणि ते पाणी आधी फडक्यानं टीप, झाकण त्यानंतर उघड.

हिंडलगा_रायडर
उघडलो की काका आधीच 🤦

जुना_फिटर
बाटली आण मग.